भोंगा वाजायच्या आधीचं गाणं!

थांबा, आधी हे ऐका! मी खेळाडू नाही, मानसशास्त्राचं एक पुस्तकही वाचलेलं नाही, पण रविवारपासून मला एका जागी बसवत नाहीये!

आयुष्यातली पहिली दहा किलोमीटरची शर्यत. पहाटेची वेळ. हात गार! पोटात गोळा! बुटाची नाडी तिसऱ्यांदा सोडून बांधलेली! शेजारी एक मुलगी इअरफोन लावून अगदी स्वस्थ उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं, एक इअरफोन काढून हातावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, हे ऐका." संथ बासरी! पळायच्या आधी बासरी! आणि मग श्वास लांब झाला, आणि मग खांदे खाली आले, आणि मग नाडीचा विसरच पडला, आणि मग भोंगा वाजला आणि मी पळत होते!

घरी आल्यावर याबद्दल वाचत सुटले. मायकल फेल्प्स! पोहायला येताना त्याच्या कानांवर हेडफोन असायचेच! २००८ चं बीजिंग ऑलिंपिक, आठ सुवर्णपदकं! त्यातल्या २०० मीटर बटरफ्लायमध्ये गॉगलमध्ये पाणी शिरलं, पुढचं दिसेना, तरी गडी विश्वविक्रम करून बाहेर आला! एक मिनिट ५२.०३ सेकंद! हे सगळं गाण्यानं झालं असं मी म्हणत नाही. पण इतका मोठा माणूससुद्धा पाण्यात उतरण्याआधी गाण्यात उतरायचा, हे केवढं आहे!

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या कॉस्टास कारागिऑर्गिस यांनी तर वर्षानुवर्षं खेळातल्या संगीताचाच अभ्यास केलाय! गंमत बघा, दम पुरता लागला की शरीरच इतकं ओरडतं की गाण्याचा प्रभाव ओसरतो. आणि शर्यतीत हेडफोनवर बंधनंही येतात. अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेनं २००७ मध्ये बंदीच घातली होती! म्हणजे गाण्याची खरी मोकळी वेळ कोणती? आधीची!

आणि सगळ्यांना एकच गाणं नाही हं! भीतीनं छाती धडधडत असेल तर संथ, अंग सुस्त असेल तर जलद ठेका. भीती पुसायची नाहीच, तिला आपल्या कामाच्या मापात आणायचं! किती साधं! किती सुंदर!

आणि मग मला कोल्हापूर आठवलं! शाहू महाराजांचं खासबाग मैदान! हलगी कडाडते, घुमकं घुमतं, आणि मग पैलवान शड्डू ठोकतो, आणि मग बघणाऱ्याच्याही दंडात काहीतरी सळसळतं! लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ऐकलेली ती हलगी मला नुसती करमणूक वाटायची. अहो, ती तर पैलवानाला पेटवत होती! आपल्या मातीला हे कधीपासून ठाऊक होतं!

तर आता तुम्हीही यात आहात! आज रात्री दोन गाणी काढून ठेवा, एक निववणारं, एक पेटवणारं. उद्या बूट घालण्याआधी छातीवर हात ठेवा, धडधड ऐका, आणि मग ठरवा. बासरी की हलगी?