तीन बोटांचं तिट

परवा माळ्यावरून तबला खाली काढला. डग्ग्याची पुडी फाटलेली, पण तबल्याची शाई शाबूत. बायको म्हणाली, "वाजवणार, की नुसता पुसून ठेवणार?" म्हणून बसलो. हात आपसूक पहिल्याच कायद्यावर गेला. धातिट धातिट धाधा तिट धागे तिनाकिना. आणि पोटात गलबललं. कारण तिट तीन बोटांनी आलं.

ज्यांचा तबल्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (जाणकारांनी हा परिच्छेद गाळावा, नाहीतर चुका काढत बसाल!) दिल्ली हे तबल्याचं सगळ्यात जुनं घराणं, अठराव्या शतकातल्या सिद्धार खाँचं. त्याला दोन बोटांचा बाज म्हणतात. मधल्या बोटानं ति, तर्जनीनं ट. धा चाटेवर, नेमका. पुढे याच घराण्यातले मोदू खाँ आणि बक्षू खाँ लखनौला गेले. तिथे कथकची साथ, पखवाजाचा शेजार. घुंगरांपुढे दोन बोटांचा आवाज कसा पुरणार? हात मोकळा झाला, चाट सोडून मैदानात आला, ति वाजवायला मधल्या बोटाबरोबर अनामिकाही आली. बक्षू खाँचे जावई हाजी विलायत अली, त्यांच्यापासून फरुखाबाद घराणं. त्यांना म्हणे हुंड्यात गती मिळाल्या. आमच्याकडे लोक स्कूटर मागायचे! असो.

माझे सर पक्के दोन बोटांचे. हा एक कायदा त्यांनी सात महिने चालवला. अनामिका उचलली की पट्टी बसायची, जोरात नाही, पण बसायची. फी आई देईल तेव्हा.

मग मी शिकायला पुण्याला गेलो. तिथे एका कथकच्या वर्गात ठेका धरायचं काम मिळालं, जेवणाचा डबा सुटायचा. तिथले गुरुजी पूरब बाजाचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे कुजबुजणं मागच्या रांगेपर्यंत जाणार नाही." खरंच जात नव्हतं. दीड-दोन वर्षांत हात बदलला आणि मला तो आवडायलाही लागला, हे कबूल करतो.

दिवाळीत सरांकडे गेलो. "वाजव, मी चहा टाकतो," म्हणून ते आत गेले. मी वाजवत होतो, आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. पडद्याआडूनच सरांनी विचारलं, "तिटला तिसरं बोट कधी आलं?"

त्यांनी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

मी म्हणालो, "रियाज सुटलाय सर, म्हणून हात घसरतो." साफ खोटं. सरांनी चहा आणला, परीक्षेचं विचारलं, आईची चौकशी केली. पुन्हा 'वाजव' म्हणाले नाहीत. पुढच्या दिवाळीला मी काहीतरी निमित्त काढून टाळलं, त्याच्या पुढच्या दिवाळीला सर नव्हते.

गंमत म्हणजे सरांचं दैवत अहमदजान थिरकवा. मुनीर खाँचे शिष्य, मोजायचं तर फरुखाबादचे, बालगंधर्वांच्या कंपनीत अनेक वर्षं साथीला असलेले. पण दिल्लीचे कायदे ऐकावेत तर त्यांच्याचकडून. ती रेकॉर्ड लागली की सर डोळे मिटून बसायचे, मधेच बोट वर करून "हे बघ, हे दिल्ली," म्हणायचे. म्हणजे एका हातात दोन घराणी नांदू शकतात हे मला त्यांनीच ऐकवलं होतं. मग 'तिकडे असं शिकलो' एवढं सरळ सांगितलं असतं तर ते रागावले असते का? की तिथल्या दोन गोष्टी वाजवून दाखव म्हणाले असते?

काल रात्री अनामिका करंगळीला दोऱ्यानं बांधून बसलो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तबल्यावर पंचा टाकला. पाऊण तास तोच कायदा, ठायीत. तिट बरं येत होतं. मग दोरा सोडला, बोटं मोकळी केली आणि पुन्हा सुरू केलं.

तिसऱ्या आवर्तनाला अनामिका परत आली.