ऐब नव्हे, आजार

आमच्याकडे बाळ जन्मले की कानात अजान दिली जाते आणि लगेच घुट्टीची घाई सुरू होते. कुणी मध चाटवते, कुणी खजूर. चिखली-मोशीपासून चाकणपर्यंत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या इतर कामगारांच्या घरी बाळगुटी असते. या घाईत एक गोष्ट पाहायची राहून जाते. बाळाची अन्नाची वाट वरपासून खालपर्यंत मोकळी आहे का?

काही बाळांची अन्ननलिका मध्येच बंद असते. तोंडातून सारखा फेस येतो, पाजताच ठसका लागतो. अशा बाळाला चाटवलेला मध फुफ्फुसात जाऊ शकतो. सुमारे 5000 बाळांमागे एकाला शौचाची जागा नीट तयार झालेली नसते. जवळपास तितक्याच प्रमाणात हिर्शस्प्रुंगचा आजार आढळतो. डेन्मार्कच्या या डॉक्टरांनी 1886 मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात, म्हणून शी पुढे सरकत नाही. सोनोग्राफीत हे दोष अनेकदा दिसत नाहीत.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. वडील चाकणला कंत्राटी कामगार. जन्मल्यावर लगेच पोटावर शौचासाठी वाट काढून पिशवी लावली, काही महिन्यांनी खाली जागा तयार केली, मग पोटावरची वाट बंद केली. तीन ऑपरेशने झाली, तरी पहिलीत असताना कधीकधी कपडे खराब व्हायचे. त्याची दादी मला हळूच म्हणाली, “टीचर, बच्चे में ऐब है, किसीकू बोलना नको.” सुनेने ग्रहण पाळले नाही, असेही त्या सांगत.

मी त्यांना समजावले की आतडे गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत घडते. त्यात ग्रहणाचा संबंध नाही, सुनेचा गुन्हा नाही. मुलाला दाराजवळ बसवले. बाहेर जायला त्याला परवानगी लागत नसे. एक जादा पँट माझ्या कपाटात असे. तो चौथी पास होऊन गेला.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या शस्त्रक्रियाही येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. पिंपरीचे वायसीएम आणि पुण्याचे ससून सगळ्यांना माहीत आहेतच.

तहनीक करायची असेल तर आधी डॉक्टरांना बाळ तपासू द्या. मध मात्र वर्षभर नकोच. पहिली काळी शी 24 तासांत झाली का, हे आईला नाही, तर घरातल्या जाणत्या माणसाने विचारावे. पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर नजर उतरवत बसू नका. बाप नाइट शिफ्टला असला तरी त्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि निघा.