साडेतीन जीबी

५ ऑगस्ट २०१९, सोमवार. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी तासातासाला चढत होतं. आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर आम्ही वरच्या मजल्यावर नेला होता. पण इमारतच पाण्यात अडकली तर खातेदारांना पैसे कुठून देणार? बॅकअप पुण्याच्या शाखेत पोचायला हवा होता.

"सगळंच पाठवा की ओ," साहेब म्हणाले. सगळं म्हणजे ४० जीबी. आमच्या लाइनचा अपलोड २ एमबीपीएस, म्हणजे जवळजवळ दोन दिवस. वीज तेवढी टिकणार नव्हती.

मग मी यादी करायला बसलो. पूर्वी एकदा मी फक्त शेवटच्या दिवसाची फाइल जपून ठेवली होती. रोजच्या फाइलमध्ये आदल्या बॅकअपनंतरचे बदल तेवढे असतात. मूळ पूर्ण प्रत आणि मधली प्रत्येक कडी नसेल तर तिचा उपयोग शून्य. तेव्हा चार दिवसांच्या नोंदी हातानं भराव्या लागल्या होत्या. म्हणून आता १ तारखेची पूर्ण प्रत घेतली, पुढच्या रोजच्या सगळ्या फायली घेतल्या. सह्यांचे नमुनेही घेतले, कारण सही पडताळल्याशिवाय रक्कम देता येत नाही. सभासद-अर्जांचे स्कॅन मागे ठेवताना हात अडखळला. मूळ कागद माळ्यावर होते, एवढाच आधार. बेरीज साडेतीन जीबी, चार तासांचं काम.

आरसिंकला ती यादी दिली. ट्रिजेल आणि मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलेला हा प्रोग्राम फाइलचे बदललेले तुकडेच पाठवतो म्हणून नावाजला जातो. पुण्याच्या बाजूला जुनं काहीच नसल्यानं तो फायदा मला नव्हता. मोलाचं ठरलं ते वेगळंच : अर्धवट गेलेली फाइल राखायला सांगितलं, की तो पुढच्या खेपेला तिथूनच सुरू करतो. लाइन दोनदा तुटली, आणि दोन्ही वेळा गेलेलं वाया गेलं नाही.

रात्री तीनला दोन्हीकडचे चेकसम जुळले. खुर्चीतून उठलो आणि छातीत धस्स झालं. फायली कुलूपबंद होत्या. किल्लीची फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये, यादीबाहेर! दोन केबीसुद्धा नसेल. ती बॅकअपशेजारी ठेवायची नव्हती. पुण्यातल्या सहकारी ताईंना फोन करून उठवलं, त्यांच्या लॅपटॉपवर किल्ली पाठवली.

"ताई, आत्ताच उघडून बघा."

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "सोमवारची शेवटची पावती दिसतेय."

आमची वीज पावणेपाचला गेली.