प्रवेशापूर्वीची दोन वर्षे

“सर, एम.एस्सी. करू का कामाले लागू?” हा प्रश्न आम्हांस दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतेच. विचारणारी मुले बहुधा बी.एस्सी.च्या अखेरच्या वर्षातील असतात आणि प्रश्नाचा खरा अर्थ निराळा असतो. त्यांना प्राणिशास्त्रात पारंगत व्हावयाचे नसते, नोकरीतही रमावयाचे नसते. त्यांना डॉक्टर व्हावयाचे असते. बारावीनंतर नीटमध्ये गुण कमी पडले, एखादे वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा दिली, तरीही यश आले नाही, म्हणून त्यांनी पदवीचा आसरा घेतलेला असतो. आता पदवीही संपत आली. पुढील प्रयत्न करावयाचा तो कोणत्या छपराखाली बसून, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

पूर्वी या प्रश्नाला वय आपोआप उत्तर देत असे. २०२२ साली नीटची कमाल वयोमर्यादा उठली आणि दार उघडे राहिले. उघडे दार ही चांगलीच गोष्ट. पण ‘आता पुरे’ हे सांगण्याचे काम पूर्वी नियम करीत असे, ते आता मुलांना स्वतः करावे लागते.

आपल्याकडे वैद्यकाचा रस्ता बारावीतून थेट जातो. अमेरिकेत तसे नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयाने १८९३ मध्ये प्रवेशासाठी पदवीची अट घातली आणि १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने महाविद्यालयीन शिक्षणाची किमान दोन वर्षे तरी आधी हवीत, असा आग्रह धरला. तेथे प्रवेशापूर्वी काय शिकलात, कोठे राबलात, याची विचारपूस होते. आपल्याकडे ७२० पैकी गुण किती, एवढेच पाहिले जाते. एम.एस्सी.ने त्यात एका गुणाची भर पडत नाही, नोकरीनेही नाही. म्हणून ‘प्रवेशासाठी उपयोगी काय?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही नाही’ असेच आहे.

साहित्याच्या माणसाला येथे दोन डॉक्टर आठवल्यावाचून राहत नाहीत. पहिले भाऊ दाजी लाड. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, त्यापूर्वी ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवीत होते आणि कच्छ-काठियावाडातील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधाला पारितोषिकही मिळाले होते. शिक्षकाची नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१ मध्ये पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. पुढे अजिंठ्याचे शिलालेख वाचणारा हा वैद्य कॉलेजात येतानाच वाचता-लिहिता होता. दुसरा चेखव. १८७९ ते १८८४ या काळात तो मॉस्को विद्यापीठात वैद्यक शिकत होता आणि घर चालविण्यासाठी विनोदी नियतकालिकांना मजकूर पुरवीत होता. काम आधी की शिक्षण आधी, हा प्रश्न त्याला पडण्याची सोयच नव्हती.

पण ही उदाहरणे देऊन थांबणे आम्हांस बरे वाटत नाही. भाऊ दाजींच्या काळी मुंबईत पहिलीच तुकडी भरत होती. आज एकेका जागेमागे रांग आहे.

ज्या मुलीने यंदा हा प्रश्न विचारला ती पांढरकवड्याकडील. वडिलांची कोरडवाहू कपाशी. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा ती शाळेत होती. तिच्या गल्लीतील एक माणूस त्यांत होता, तो वाचला. डॉक्टर होण्याची तिची इच्छा तेव्हापासूनची. तिच्यापुढे दोन वाटा होत्या: यवतमाळात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोंदणीच्या टेबलावरचे काम, किंवा प्राणिशास्त्रातील एम.एस्सी.

आमचे मन कामाकडे झुकत होते, आणि त्याचे कारण भाषेचे होते. या जिल्ह्यात रोगी ‘टोंगळे दुखतात’ म्हणतो. पुस्तकात ‘गुडघा’ असतो. कोलाम पोडावरची बाई कोलामीत बोलते, तांड्यावरची गोरमाटीत. फवारणी करून आलेल्या माणसाला कोणते औषध, कोणत्या पंपाने, कोणत्या वेळी, हे विचारता येणे हीही एक विद्याच आहे. ती नोंदणीच्या टेबलावर थोडीफार लाभते. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला निवेदन म्हणतो, ते तेथे दररोज कच्च्या रूपात समोर येऊन बसते. शिवाय पगार घरी गेला म्हणजे घरच्यांचा धीरही टिकतो.

तिने हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “कामाले लागली त घरूनच जानं-येनं करा लागन, सर. होस्टेल भेटलं त टेबल तरी माह्या हक्काचं राहीन.” एस.टी.चे तास, लॅबचे तास, घरी गेल्यावर चुलीचे तास. हा हिशेब तिने आधीच मांडून ठेवला होता. आणखी एक गोष्ट ती बोलली नाही, पण आम्हांस ठाऊक आहे. ‘मुलगी शिकते आहे’ हे वाक्य गावात स्थळे दोन वर्षे थोपवून धरते. ‘मुलगी लॅबमध्ये बसते’ या वाक्यात तेवढे बळ नाही. म्हणजे एम.एस्सी. तिच्यासाठी पदवीहून अधिक होती: एक खोली, एक दिवा आणि लांबणीवर पडलेले लग्न.

तिने एम.एस्सी.चा अर्ज भरला. आम्ही एवढेच सुचविले की, नीटचे प्रयत्न दोन, हे आजच कागदावर लिहून ठेवावे. आणि प्राणिशास्त्राला केवळ प्रतीक्षालय समजू नये, कारण दोन वर्षांनी कदाचित तेच हाती उरेल. पहिली गोष्ट तिने मान्य केली. दुसरीवर ती काही बोलली नाही.

असो. प्राध्यापक मित्रांना आमची विनंती एवढीच की, असा प्रश्न आला असता थोर डॉक्टरांची चरित्रे सांगण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. दिवसातील किती तास तुझे स्वतःचे आहेत? खर्च कोण करणार, आणि किती दिवस? नंबर नाहीच लागला, तर काय करताना तुला कमीपणा वाटणार नाही? मुलगा असेल तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा लवकर मिळते. मुलगी असेल तर तेथेच अधिक वेळ थांबावे लागते, आणि तेवढा वेळ आपल्यापाशी असावयास हवा.