कपाटाशेजारचा रेडिओ

इंदूरच्या आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली, की वडील ट्रान्झिस्टरवर मुंबई केंद्र लावीत. मध्यम लहरींवरील ते दूरचे केंद्र दिवसा लागत नसे. रात्री मात्र लहरी आयनावरणावरून परावर्तित होत आणि सुमारे ५०० किलोमीटरांवरचे मराठी शब्द माळव्यात पोहोचत.

१९८२ साली मी हौसेने लोखंडी कपाट आणले आणि रेडिओ त्याला लागून असलेल्या फळीवर ठेवला. तेव्हापासून आवाज खोल गेला, खरखर वाढली. वडिलांनी तक्रार केली नाही. ‘आता कान गेले,’ एवढेच म्हणून त्यांनी रेडिओ लावणेच सोडले.

पुढे एका रात्री मी तो सहज अंगणात नेला, तो बातम्या स्वच्छ ऐकू आल्या! मग कारण उमगले. रेडिओतील फेराइटच्या कांडीवर तारेचे वेटोळे असते. मध्यम लहरींसाठी तीच त्याची एरियल. येणारी लहर शेजारच्या पत्र्यातही विद्युत्प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मूळ लहरीला विरोध करते. शिवाय लोखंडाच्या सान्निध्याने वेटोळ्याचा केंद्राशी जुळलेला मेळही ढळतो.

रेडिओ खिडकीत ठेवून वडिलांना हाक मारली. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, ‘‘म्हणजे कान शाबूत आहेत तर!’’

मी मान खाली घातली. घरातील वडीलधाऱ्यांच्या वार्धक्याला बोल लावण्यापूर्वी आपण आणलेले कपाट जरा सरकवून पाहावे, हे मला तेव्हा कळले.