राईचू, तुझ्यासाठी कुणीच रडलं नाही

१ जुलै १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन या कार्टून मालिकेचा चौदावा भाग दाखवला गेला आणि त्यात तू हरलास. पुढे हिंदीत बोलणारी ही मालिका कार्टून नेटवर्कवरून आपल्या घरांत आली, तेव्हा इथल्या मुलांनीही तुझ्या हरण्यावर टाळ्या पिटल्या. पिटणारच. तुझा धनी लेफ्टनंट सर्ज, धिप्पाड, सोनेरी केसांचा, लष्करी वेशातला, मालिकेचा नायक असलेल्या दहा वर्षांच्या ॲशला ‘बेबी’ म्हणून हिणवणारा. आणि तू त्याचा लढवय्या पोकेमॉन, त्याचं हत्यार.

पहिल्या लढतीत तू ॲशच्या पोकेमॉनला, पिकाचूला लोळवलंस. जखमी पिकाचूपुढे मग थंडर स्टोन ठेवला गेला. त्याला नुसतं शिवलं की तोही राईचू होणार, तुझ्याइतकाच ताकदवान. त्याने शेपटीच्या फटक्यानं तो दगड दूर भिरकावला. सगळे त्या नकारावर खूश झाले. मला मात्र तिथे तू आठवलास. तुला कुणी विचारलं होतं का रे? सर्जने तुला हाती येताच इव्हॉल्व्ह केलं, पिकाचूचा राईचू करून टाकलं. छोट्या, चपळ अंगानं पळण्याचे, चुकवण्याचे, धडपडण्याचे दिवस तुझ्या वाट्याला आलेच नाहीत. दुसऱ्या लढतीत तेच उघड झालं. पिकाचू तुझ्याभोवती विजेसारखा फिरत राहिला, तू सगळी वीज हवेत उधळलीस आणि रिता झालास. जे शिकायचं राहिलं होतं, ते शिकायचं वय तुझ्यापासून आधीच काढून घेतलेलं होतं.

आणि तो सर्ज. १९९६ च्या मूळ पोकेमॉन गेममध्ये तो सांगतो की युद्धात विजेच्या पोकेमॉननी त्याला वाचवलं. कोणतं युद्ध, ते तिथे कुणी सांगत नाही. जपानी लेखकांनी त्याला ‘लाइटनिंग अमेरिकन’ असं बिरुद दिलं आणि एका बंदराच्या गावात आणून बसवलं. १९४५ नंतर योकोसुकासारख्या बंदरांत अमेरिकी सैनिक पाहत मोठ्या झालेल्या देशाला हा माणूस अनोळखी वाटला नसणार. गेममध्ये त्याच्या जिमचं, म्हणजे लढतीच्या आखाड्याचं, दार उघडायला कचऱ्याच्या डब्यांत दडवलेली दोन बटणं शोधावी लागतात. दुसरं चुकलं की पहिलंही बंद होतं. युद्धातून परतलेला माणूस असा दुहेरी कुलपाआड राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांनी जीव वाचवला, त्यांना त्याने जपलं ते शिपाई म्हणूनच. लहान जीव लहान असणं त्याला धोक्याचं वाटत असेल.

मालिकेत हरल्यावर सर्जने ॲशशी हात मिळवला, जिंकल्याचा बॅज दिला. मोठ्या मनाचा होता. तरीही तो मला खलनायकच वाटतो, आणि तो ॲशच्या बाबतीत नव्हे, तुझ्या बाबतीत.

ॲशची कहाणी जपानमध्ये २४ मार्च २०२३ रोजी संपली. शेवटच्या दिवशीही त्याचा पिकाचू पिकाचूच होता. वाचकहो, तो चौदावा भाग कधी पुन्हा लावलात, तर जिंकणाऱ्याकडे सगळे पाहतातच. तुम्ही जरा त्या राईचूकडे पाहा.