दुसरी खेप

कतारगामात आमच्या कचेरीखाली दिवसभर हिऱ्याच्या घंट्या फिरतात. एखादा पैलू जास्त घासला गेला, की तो पुन्हा भरून येत नाही. खेळाचे तसे नसते, अशी आमची भाबडी समजूत होती.

भाच्याने आमच्या संगणकावर 'अंडरटेल' घालून दिला. टोबी फॉक्सने २०१५ साली काढलेल्या या ओबडधोबड खेळात राक्षसांना मारता येते, तसे सोडूनही देता येते. आरंभीच टोरिएल नावाची मायाळू राक्षसीण आपल्याला पोटच्या पोरासारखे सांभाळते आणि जाऊ देत नाही. दोनदा दया दाखवूनही ती वाट सोडीना, तेव्हा आम्ही तिला ठार केले आणि कंटाळून खेळ मिटवला.

"मामा, तिला मारायचं नव्हतं!" भाचा कळवळला.

परवा त्याच्या आग्रहाने पुन्हा बसलो. या खेपेस धीर धरला. अखेर तिने मिठी मारून निरोप दिला. समाधानाने पुढे गेलो, तो एका फुलाने आमच्या पहिल्या करणीची आठवण काढली! आम्ही पुसलेले खेळाने टिपून ठेवले होते.

आम्ही चपापलो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली आम्ही कितीतरी पोरे सोडवून आणली. दोषी ठरल्याने येणारी अपात्रता त्या कायद्याचे बारावे कलम दूर करते. माणसे मात्र दूर करीत नाहीत. त्यांतलाच एक गेल्या वर्षी आमच्याकडे कारकुनी मागत आला होता. जागा नाही, असे आम्ही सांगितले.

जागा होती. उद्या त्याला निरोप धाडणार आहोत.